शाळेची जुनी गाडी आणि तिच्यातल्या १६१ रात्री: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आधी आकडे सांगते, कारण भेटणारे बहुतेक जण तेच विचारतात. गाडी ३ लाख ४० हजारांना घेतली. तिच्यात राहता-झोपता यावं म्हणून आतलं सगळं काम २ लाख १५ हजारांत झालं. ऑक्टोबर ते जूनअखेर ७,८०० किलोमीटर फिरलो, गाडी ११ चं ॲव्हरेज देते, म्हणजे ६५ हजारांच्या आसपास डिझेल जाळलं. एवढ्या काळात आम्ही दोघं १६१ रात्री गाडीत झोपलो. बाकीच्या रात्री नाशिकच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये. घरदार विकून निघालेली मंडळी आम्ही नाही. तसा अनुभव वाचायचा असेल तर इथेच थांबा.

गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अकरा वर्षं शाळेची मुलं वाहिलेल्या गाडीची कुरकुर कंपनीच्या माथी मारणं बरोबर नाही. तेरा सीटांची डिझेल गाडी होती. सीट काढल्या तेव्हा खालून तीन खोडरबर, एक शार्पनर, डब्यातला चमचा आणि च्युइंगमचे थर निघाले. मागच्या दाराच्या आतल्या पत्र्यावर कुणीतरी कंपासच्या टोकाने कोरून ठेवलंय, "काका हळू". रंगाऱ्याला तेवढा चौकोन सोडायला सांगितला. ह्यांना गाडी चालवताना आरशात तो दिसतो म्हणे. मला शंका आहे.

कागदांचं थोडक्यात. पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक गाडी पांढऱ्या, म्हणजे खासगी पाटीवर आणायची, सीट कमी केल्या की त्याही आरसीवर कमी करून घ्यायच्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. "कोण बघतंय" म्हणणारे पुष्कळ भेटतील. अपघात झाला की विमावाले बघतात.

आतलं काम सातपूरच्या एका मिस्त्रींकडून करून घेतलं. हात उत्तम, पण आयुष्यभर घरातलं फर्निचर केलेलं. घरातलं कपाट हलत नाही, हा फरक आम्हाला तिघांनाही सुचला नाही. ड्रॉवरना त्यांनी छान चुंबकाचे कॅच लावले. पेठ रस्त्यावर सावळघाटाच्या दुसऱ्याच वळणाला सगळे ड्रॉवर एकदम उघडले आणि हरभऱ्याच्या डाळीचा डबा, तिखटाचा डबा आणि माझा चष्मा असा काला जमिनीवर झाला. परत आल्यावर सगळीकडे साध्या लोखंडी कड्या बसवल्या, जुन्या ट्रंकेला असतात तशा. दिसायला ओबडधोबड आहेत, पण नऊ महिन्यांत एकही उघडलेली नाही.

पलंग सहा बाय साडेचार, खाली सामान. पाण्याची टाकी ८० लिटरची. पाच किलोचा सिलिंडर, एक शेगडी. शिजवताना दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटं उघड्या हव्यात, थंडी असो की पाऊस. बंद गाडीत गॅस जाळणं हा जिवाशी खेळ आहे. छतावर दोनशे-दोनशे वॉटचे दोन सोलर पॅनल आणि पलंगाखाली १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, म्हणजे सुमारे १,२८० वॉट-तासांचा साठा. फ्रिज, पंखा, दिवे आणि माझा लॅपटॉप मिळून दिवसाला साधारण साडेसातशे लागतात. हिवाळ्या-उन्हाळ्यात पॅनल हे सहज भरून काढतात. एप्रिलमध्ये तर वीज उतू जात होती, फक्त ती वापरायला आत बसवत नव्हतं. दुपारी एक ते पाच पत्र्याच्या गाडीत माणसाने राहू नये. आम्ही झाड शोधायचो. पण झाडाखाली गाडी लावली की पॅनलवर सावली. उन्हाळाभर आमची भांडणं याच एका विषयावर झाली.

लॅपटॉप लागतो कारण मी जीएसटीची कामं करते. महिन्याची ११ आणि २० तारीख मला चुकवता येत नाही. ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), २० ला ३बी (कर भरायचं रिटर्न). त्यामुळे "वाट फुटेल तिकडे" हे आमच्या बाबतीत दोन तारखा सोडून खरं आहे. आणि खरं सांगायचं तर त्या दोन तारखा सोडूनही पूर्ण खरं नाही. जायचं कुठे हे आम्ही ठरवत नाही. पण पाणी किती उरलंय, सकाळी संडासला कुठे जायचं आणि रात्री गाडी कुणाच्या परवानगीने उभी राहणार, या तिन्हींचा हिशेब दुपारी तीनलाच मांडावा लागतो. अंधार पडल्यावर जागा शोधायला निघालं की मिळेल ती जागा वाईटच मिळते. देखावा पाहून मुक्काम ठरवायची सवय आमची पहिल्या महिन्यातच मोडली.

संडासाबद्दल कुणी नीट लिहीत नाही, म्हणून लिहिते. आमच्याकडे वीस लिटरचा पोर्टेबल आहे. तो रिकामा करायची व्यवस्था आपल्याकडे रस्त्यावर कुठेच नाही, घरी आणूनच करावा लागतो. म्हणून तो फक्त रात्रीच्या अडीअडचणीला. बाकी पेट्रोल पंप. पंपावर स्वच्छतागृह फुकट वापरू द्यायचं बंधन आहे, पण किल्ली "साहेबांकडे" असते आणि साहेब जेवायला गेलेले असतात. वणीच्या सप्तशृंगी गडाच्या पायथ्याशी किंवा महामार्गावरच्या ट्रकवाल्यांच्या ढाब्यांवर हा प्रश्न येत नाही. बाईमाणसाने ढाब्यावर मुक्काम करावा का, असं मला तिघींनी विचारलं. मला तिथेच सर्वांत शांत झोप लागली. रात्रभर कुणी ना कुणी जागं असतं.

पोर्टेबल घेतला तो मात्र बिबट्यामुळे. निफाड-सिन्नर पट्ट्यात ऊस आहे तिथे बिबट्या आहे, हे नाशिककरांना सांगायला नको. डिसेंबरात नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला गेलो होतो. रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेलं हे राज्यातलं पहिलं ठिकाण, गोदावरी-कादवेच्या संगमावरचं. पहाटे बघण्यासारखं असतं, म्हणून आदल्या रात्री जवळपास राहायचं म्हटलं. संध्याकाळी उगावकडच्या एका मळ्याच्या तोंडाशी थांबून विचारलं. मळ्यातले काका गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "राहा की. पण रातच्याला खाली उतरायचं नाय. परवाच कुत्रं नेलंय." मी रात्रभर तहान लागली तरी पाणी प्यायले नाही. पुढच्याच आठवड्यात पोर्टेबल आला.

त्या रात्री पक्षी राहिले बाजूलाच. निफाडची थंडी म्हणजे काय ते पेपरात वाचलेलं असतं, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा अमुक अंशांवर वगैरे. गाडीत ती वेगळीच लागते. दोन माणसांचा श्वास आणि रात्रीच्या पिठल्याची वाफ पत्र्याला जाऊन बसते आणि पहाटे तिचे थेंब होतात. चारच्या सुमाराला एक थेंब बरोबर माझ्या कपाळावर पडला. दिवा लावून बघितलं तर छताला ओळीने थेंब लोंबत होते, जिथे जिथे पत्र्याचा स्क्रू आतपर्यंत आलाय तिथे एक-एक. भिंतींना फोम लावला, स्क्रूंची डोकी मात्र उघडी राहिली होती. तेवढ्यात बाहेर उजेड दिसला. बागेत माणसं शेकोट्या पेटवत होती. थंडी फार उतरली की द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात. म्हणून बांधाबांधाला ओला-सुका पाला पेटवून धूर करतात, ड्रिपने पाणी सोडतात. हे स्वेटरवर शाल गुंडाळून उतरले आणि थेट पाचटाचे भारे वाहायला लागले. बिबट्याची आठवण मी करून दिली. काका म्हणाले, "आता एवढी माणसं हायेत, त्योच घाबरंल." सकाळी सात वाजता धुराने डोळे लाल, चहाचे तीन-तीन कप झालेले, आणि पक्षी पाणी सोडून उडून गेलेले. जाताना काकांनी मण्यांना तडे गेलेली द्राक्षं पाटीभर दिली. खायला चांगलीच लागतात, फक्त व्यापारी घेत नाही.

आता मुख्य बिघाड. ९ एप्रिलला पेठच्या पुढे एका पाड्याच्या अलीकडे मागून 'कट्' असा आवाज आला आणि गाडी एका अंगाला ओढायला लागली. हे खाली वाकून बघून म्हणाले, "सेंटर बोल्ट गेला." गाडीचं वजन झेलणाऱ्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांचा, म्हणजे पाट्यांचा जुडगा एकत्र धरून एक्सलवर जागच्या जागी ठेवणारा बोल्ट असतो तो. तो तुटला की एक्सल एका बाजूने सरकतो आणि गाडी तिरकी चालते. आमचं मागचं चाक मडगार्डला घासत होतं. ८० लिटर पाणी, बॅटरी, प्लायची कपाटं आणि माझ्या फायली या सगळ्यांचं वजन आम्ही डाव्या बाजूला भरलं होतं. दोष गाडीचा नाही, आमच्या अकलेचा. घेणाऱ्याने पहिलं काम म्हणजे गाडी भरून वजनकाट्यावर न्यावी, पुढचं आणि मागचं चाक वेगवेगळं मोजावं. आणि पाटेवाल्याला दाखवावी. आम्ही पडदे आधी शिवले.

एक जीपवाला थांबला. पेठच्या मिस्त्रीला निरोप देतो म्हणाला आणि गेला. मिस्त्रीच्या घरी लग्न, तो तिसऱ्या दिवशी येणार. पाड्यावरच्या शाळेच्या पटांगणात गाडी हळूहळू नेऊन लावली. दुसरी कुठली गाडी असती तर लॉज शोधत, टो करणाऱ्याशी घासाघीस करत बसलो असतो. इथे आमची चादर तीच, चहाचा कप तोच. अडकलोय असं वाटलंच नाही. या गाडीची सगळ्यात मोठी खूबी मला विचाराल तर हीच, आणि ती कळायला गाडी बंद पडावी लागली.

११ तारीख त्यातच आली. मार्च महिन्याचा जीएसटीआर-१, आणि फोनला रेंजची एक काडी, तीही शाळेमागच्या टेकडीवर मोहाच्या झाडाखाली. पहाटे सहाला लॅपटॉप घेऊन तिथे बसले. मोहाची फुलं वेचायला आलेल्या दोन मुली माझ्याभोवतीची फुलं वेचत वेचत जवळ आल्या आणि एकीने कीबोर्डवर पडलेलं फूलही उचलून टोपलीत टाकलं. तिसऱ्यांदा मागवलेला ओटीपी आला. अकरा पार्ट्यांची रिटर्न गेली. पैकी एकाने नंतर फोन करून विचारलं, "मॅडम, आज ऑफिसात एवढे पक्षी कसले?"

पण त्याच मुक्कामातली दुसरी गोष्ट सांगायलाच हवी. दुसऱ्या दिवशी टाकी तळाला गेली. मी वीस लिटरचा कॅन घेऊन विहिरीवर गेले. पावसाळ्यात या भागात पाऊस कोसळतो आणि एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. टँकर येतो तो विहिरीतच पाणी सोडतो आणि बायका ते शेंदतात. दोरांची गर्दी, कुणी बोलत नव्हतं, फक्त घागरी दगडाला आपटल्याचे आवाज. मला कुणी अडवलं नाही, उलट जागा करून दिली. एका आजींनी माझा कॅन भरून दिला आणि सहज विचारलं, "ताई, एवढं पानी दोघांलाच?" त्यांच्या घरात सात माणसं होती, दोन घागरी. मी अर्धा कॅन त्यांच्या घागरीत परत ओतला, तर त्या हसल्या. रागाने नाही. मला मात्र तो हशा अजून ऐकू येतो.

त्यानंतर, दर वर्षी फेब्रुवारी ते पाऊस लागेपर्यंत पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या पट्ट्यात आम्ही कुणाकडे पाणी मागायचं नाही असं ठरवलं. नाशिकहून टाकी भरून, वर दोन कॅन. ते संपले की घरी परत. नळ उघडा ठेवून भांडी घासणं बंद झालं, ताटं आधी कागदाने पुसतो. दोघांना दिवसाला ३० लिटर पुरतात. या भागात फिरणाऱ्यांनी फोटो भरपूर टाकलेत, पण पाण्याबद्दल कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही.

मिस्त्री तिसऱ्या दिवशी सासरच्या टोपीसकट आला, जॅक लावून दोन तासांत बोल्ट बदलला, एक पाटा वाढवला. १,४०० रुपये. फ्रिजमधलं श्रीखंड आम्ही लग्नाच्या निमित्ताने त्याला दिलं.

पावसाळ्याचं लिहिण्यासारखं थोडंच. जूनच्या शेवटी इगतपुरीजवळच्या भावली धरणाकडे गेलो, चौथ्या दिवशी परतलो. धुक्यात पॅनल म्हणजे शोभेची वस्तू. गाडी चालू असताना बॅटरी भरणारा चार्जर आहे, पण तो तासाला अडीचशे वॉट-तास देतो, म्हणजे फ्रिजसाठी रोज उगाच दोन तास भटका. पॅनलच्या एका क्लॅम्पपाशी गळती निघाली. कपडे वाळत नाहीत. गादीच्या खालच्या बाजूला बुरशी धरली, कारण प्लायला हवा जायला भोकं पाडायची राहिली होती. आता पाडलीत.

समृद्धी महामार्गावरून एकदाच गेलो, सिन्नरहून संभाजीनगरला. रस्ता झकास, पण मध्ये मुक्कामाला थांबण्यासारखं काही दिसलं नाही, तेव्हा ही गाडी तिथे न्यायची कशाला?

परवा सोसायटीत एकाने गाडी आतून बघितली आणि साडेपाच लाखांना मागितली. रोख. हे म्हणाले, "घरात विचारून सांगतो." मी तिथेच शेजारी उभी होते. अजून त्यांनी विचारलेलं नाही.