मोठे ब्रेक आणि चाकं: ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्यानं काय निवडावं

स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस किंवा त्याच तोडीची एखादी तेज सेडान घरी आली की दोन विषय हमखास निघतात. ब्रेक मोठे करायचे का, आणि चाकं कुठली टाकायची. बहुतेक जण हे दोन वेगळे खर्च धरतात: यंदा दिवाळीला चाकं, पुढच्या वर्षी जमलं तर ब्रेक. पण हे दोन्ही निर्णय एकाच वेळी, एकाच कागदावर मांडून घ्यायला हवेत. ३५५ मिमीची डिस्क (चाकासोबत फिरणारी ब्रेकची तबकडी) आणि तिचा कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा) १७ इंची रिममध्ये मावत नाही. म्हणजे १८ इंच आले. १८ इंच आले की टायरची भिंत, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतचं रबर, कमी झाली, आणि भिंत कमी झाली की जुलैत घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत त्याची किंमत मोजावी लागते. मी खाली तीन प्रकारचे ब्रेक आणि तीन मापांची चाकं समोरासमोर ठेवतो आहे, पण निवड करताना जोडी बघा, सुटं काही बघू नका.

आधी गैरसमज काढू. मोठ्या ब्रेकनं गाडी कमी अंतरात थांबते, हे पहिल्या ब्रेकपुरतं तरी खरं नाही. गाडी थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यातला घट्टपणा. कोरड्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, ताशी ८०-१०० वरून पूर्ण जोर लावून ब्रेक दाबा. पायाखाली एबीएसची (चाक अडकून घसरू न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर जाणवली, तर तुमचे आहेत तेच ब्रेक चाक अडवायला पुरेसे आहेत. त्यापुढे डिस्क कितीही मोठी केली तरी त्या वेगावरून अंतर घटणार नाही. चांगले टायर घातले तर घटेल.

मग मोठा ब्रेक करतो काय? उष्णता पेलतो. जड तवा जसा हळूहळू तापतो तशी जाड, मोठी डिस्क तीच उष्णता घेऊनही कमी तापते. हे आपल्याकडे कुठं लागतं ते बघा. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, खोपोली साठेक मीटरवर. म्हणजे घाट उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. या उतारात जी ऊर्जा मोकळी होते ती ताशी १०० वरून सुमारे १४ वेळा पूर्ण थांबण्याइतकी भरते. गाडी रिकामी असो की पाच माणसं आणि बॅगांनी भरलेली, हा १४ चा आकडा बदलत नाही, कारण वजन दोन्ही बाजूंना सारखंच येतं. यातला मोठा वाटा इंजिन ब्रेकिंग आणि हवेचा विरोध उचलतात, पण डीएसजी (या गाड्यांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ‘डी’मध्ये ठेवून सतत पेडलवर पाय ठेवणाऱ्याच्या ब्रेकवर बराच भार येतो. खोपोलीला पोचेपर्यंत पेडल मऊ पडतं, जळका वास येतो. याच अनुभवानंतर माणूस मोठ्या ब्रेकच्या शोधात निघतो.

पेडल मऊ पडणं आणि ब्रेक कमी लागणं हे दोन वेगळे आजार आहेत. पेडल खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळलं आहे. पेडल कडक आहे, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापले आहेत. पहिल्या आजाराला लाखांचं औषध लागत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपली हवा वर्षातले चार महिने ओलीच असते. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, पण पाणी मुरलं की तोच १५५ वर येतो. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर हे पहिल्या आठवड्यात बदलावं. आधीच्या मालकानं शेवटचं कधी बदललं हे बहुतेकदा कोणालाच ठाऊक नसतं.

तर पहिला पर्याय: डिस्क-कॅलिपर मूळचेच, पॅड चांगले, ऑइल ताजं, टायर उत्तम. खर्च टायर सोडून हजारांतला. मूळ चाकं तशीच राहतात, स्पेअर चाक ब्रेकवर मावेल का हा प्रश्न येत नाही. पॅड मात्र रस्त्यासाठीचेच घ्या. ट्रॅकचे पॅड थंड असताना नीट चावत नाहीत, आणि वाशी ते बेलापूर पाम बीचनं पावसात जाताना तुमचे ब्रेक थंडच असतात. त्या वेळी पहिला ब्रेक उशिरा लागला तर सिग्नलला पुढच्या रिक्षावर जाल. शिवाय ते किंचाळतात आणि डिस्क खातात.

दुसरा पर्याय मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो, आणि त्याचीच चर्चा कमी होते: त्याच घराण्यातल्या जड किंवा ताकदवान गाडीचे कंपनीचेच ब्रेक. फोक्सवॅगन समूहाच्या एमक्यूबी या सामाईक सांगाड्यावरच्या गाड्यांत पुढची ३१२ मिमीची डिस्क काढून ३४० मिमीची डिस्क, तिचे कॅलिपर आणि कॅरियर (कॅलिपर धरून ठेवणारा कंस) बसवता येतात. व्यास वाढला नऊ टक्के, जाडी २५ वरून ३० मिमी. उष्णता पेलायला लोखंड भरपूर वाढलं. कॅलिपरला पिस्टनपासून धूळ अडवणारी रबरी बुटं आहेत, पॅड पार्ट नंबरनं मागवता येतात, आणि सर्व्हिस सेंटरचा माणूस बघून दचकत नाही. ही डिस्क काही १७ इंची चाकांत बसते, काहींत बसत नाही. ते चाकाच्या आतल्या आकारावर ठरतं. तुमच्या गाडीला मुळातच ३४० असेल तर हा पर्याय तुम्ही आधीच विकत घेतलेला आहे, पहिल्यावर परत जा.

तिसरा पर्याय पूर्ण किट: चार किंवा सहा पिस्टनचे कॅलिपर, दोन भागांची डिस्क, स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या). ब्रेम्बो, एपी रेसिंग, स्टॉपटेक ही त्यातली जुनी नावं. खर्च लाखांत. इथं पिस्टनच्या संख्येला भुलू नका. सरकत्या, म्हणजे एकाच बाजूला पिस्टन असलेल्या, कॅलिपरमधल्या ५७ मिमीच्या एका पिस्टनचं क्षेत्रफळ साडेपंचवीस चौरस सेंटिमीटर. चार पिस्टनच्या कॅलिपरला एका बाजूला ३८ आणि ४२ मिमीचे पिस्टन असतील, तर दोघांचं मिळून सव्वापंचवीस. जोर जवळजवळ तेवढाच! फरक पडतो तो पॅडवर दाब सारखा पसरण्यात, कॅलिपर न लवचण्यात आणि पायाला मिळणाऱ्या नेमकेपणात. हा फरक खरा आहे, आणि ज्यानं तो अनुभवला त्याला मूळ पेडल परत आवडत नाही, हेही मान्य.

पण किटचा मेळ गाडीशी बसला पाहिजे. पिस्टनचं क्षेत्रफळ फार वाढवलं तर मूळ मास्टर सिलिंडरला (पेडलच्या जोरानं ऑइल ढकलणाऱ्या पंपाला) जास्त ऑइल ढकलावं लागतं आणि पेडलचा प्रवास लांबतो. पुढचा जोर फार वाढला तर पुढची चाकं लवकर अडतात, एबीएस आधीच जागं होतं, मागचे ब्रेक अर्धवट वापरले जातात आणि अंतर उलट वाढू शकतं. म्हणून आपल्या मॉडेलसाठी हिशोब करून बनवलेलं किट घ्या. दुसऱ्या गाडीचे कॅलिपर ब्रॅकेट खरादून बसवून देणारे वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत कोणीही भेटतील. ब्रेकच्या बाबतीत त्या वाटेला जाऊ नका. ब्रॅकेटच्या एका चुकीच्या बोल्टवर घरच्यांचा जीव टांगलेला असतो.

कोकणपट्टीतला पाऊस लक्षात घेऊन आणखी एक गोष्ट विचारा: कॅलिपरला धुळीची बुटं आहेत का? शर्यतीच्या कॅलिपरना बहुधा नसतात. ट्रॅकवर दर थोड्या दिवसांनी ते उघडून साफ होतात म्हणून चालतं. इथं गायमुखचा चिखल पिस्टनच्या सीलपर्यंत गेला की पिस्टन अडकायला लागतो. भोकं पाडलेली डिस्क दिसायला छान, पण जास्त तापवली की भोकांपाशी तडे जातात. खाचांची किंवा साधी घ्या. लाल कॅलिपर म्हणून नामांकित नावाची नक्कलही विकली जाते. बिल, क्रमांक आणि अधिकृत विक्रेता यांशिवाय व्यवहार करू नका.

आता चाकं. मूळ टायर २२५/४५ आर१७ धरू (रुंदी २२५ मिमी, भिंत रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंच). त्याची भिंत १०१ मिमी, पूर्ण व्यास ६३४ मिमी. १८ इंचावर २२५/४० घेतला तर भिंत ९० मिमी, व्यास ६३७. स्पीडोमीटरला फरक अर्ध्या टक्क्याचा, म्हणजे काहीच नाही. १९ इंचावर २३५/३५ घेतला तर भिंत ८२ मिमी, व्यास ६४७, दोन टक्के जास्त. १७ आणि १९ इंचांत भिंतीचा १९ मिमीचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण माजिवड्यापासून पुढं पावसाळ्यात पाण्यानं भरलेला खड्डा दिसतच नाही, आणि तिथं रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये एवढंच रबर असतं. टायरला फुगा येणं किंवा रिम आतल्या बाजूनं वाकणं हे त्या फरकाचं मोल. पाम बीच, ठाणे-बेलापूर रस्ता, अटल सेतू एवढ्यावरच ज्यांचा दिवस जातो त्यांना १८ निर्धास्त चालेल. घोडबंदर, मुंब्रा बायपास किंवा शिळफाटा रोजचा असेल त्यांनी १७ सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. १९ इंच मी दोघांनाही सुचवणार नाही.

बनावटीबद्दल थोडक्यात. साधं ओतीव चाक स्वस्त आणि जड. फ्लो फॉर्म्ड चाकात मधला भाग ओतीव, पण कडेचा पिंप (ज्यावर टायर बसतो तो गोल भाग) तापवून रोलरखाली ताणलेला असतो, त्यामुळे तो पातळ असूनही मजबूत असतो. बहुतेकांसाठी पैशाचं सर्वांत चांगलं मोल इथंच आहे. फोर्ज्ड सर्वांत हलकं आणि चिवट, मोठ्या धक्क्यानं फुटण्याऐवजी वाकण्याकडे त्याचा कल असतो, पण किंमत कित्येक पटींनी जास्त. कुठलंही घ्या, आतल्या बाजूला जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए अशी (जपानी दर्जाची) मोहोर आणि भारक्षमता लिहिलेली आहे का ते बघा. तडा गेलेलं चाक वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या.

माप जुळवताना ऑक्टाव्हियाचे आकडे असे: पाच बोल्ट ११२ मिमीच्या वर्तुळावर, मधलं भोक ५७.१ मिमी. बाहेरच्या चाकांचं भोक बहुधा मोठं असतं, तेव्हा ती फट भरणारी नेमकी रिंग हवीच, नाहीतर ९० च्या पुढं स्टिअरिंग थरथरेल. मूळ बोल्टची बैठक गोलाकार आहे, तर बाहेरच्या बऱ्याचशा चाकांना ६० अंशाची शंकूची बैठक असते. मूळ बोल्ट अशा चाकात घट्ट बसल्यासारखे वाटतात, पण टेकतात अगदी थोड्या जागेवर, आणि सैल होऊ शकतात. चाकांसोबत योग्य बोल्ट घ्या. ७जे ईटी४९ वरून ८जे ईटी४५ वर गेलात (जे म्हणजे रिमची रुंदी इंचांत, ईटी म्हणजे चाक हबला टेकतं ती बाजू रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे) तर चाक बाहेरच्या बाजूला सुमारे १७ मिमी आणि आत सस्पेन्शनकडे सुमारे ९ मिमी सरकतं. चार माणसं बसवून, स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर कुठं घासत नाही ना हे बघा.

आणि जोडीची परीक्षा: किट बनवणाऱ्याकडून कॅलिपरचा कागदी साचा मिळतो. तो पुठ्ठ्यावर चिकटवून कापा आणि चाकाच्या आत धरून फिरवा. स्पोकपासून आणि पिंपापासून निदान ३ मिमी मोकळी जागा हवी. बॅलन्सिंगची चिकटवायची शिशाची वजनं नेमकी कॅलिपरसमोर येतात हे दुकानदार विसरतो, म्हणून जागा मोजताना तीही धरा.

तर निवड अशी. ऑफिस, घर आणि महिन्यातून एखादा घाट असेल तर १७ इंची मूळ चाकं, उत्तम टायर, रस्त्याचे चांगले पॅड, दर दोन वर्षांनी डॉट ४ किंवा ५.१. घाट वरचेवर, गाडी भरलेली, किंवा इंजिनचं रीमॅप (ताकद वाढवण्यासाठी त्याच्या संगणकात बदल) केलेलं असेल तर कंपनीचे ३४० मिमीचे ब्रेक आणि ते मावतील अशी १७ इंची फ्लो फॉर्म्ड चाकं. वर्षातून काही वेळा कोइंबतूरच्या कारी किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर खरंच गाडी घेऊन जाणार असाल, तरच पूर्ण किट आणि १८ इंच. आणि तेव्हाही रोजच्यासाठी ज्यांत ते किट मावतं असा चाकांचा दुसरा मजबूत संच ठेवा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, गाडी वॉरंटीत असेल तर काम सुरू करण्याआधी विचारा.

बसवून झाल्यावर पहाटे मोकळ्या रस्त्यावर नवे पॅड आणि डिस्क एकमेकांत बसवून घ्या: मध्यम वेगावरून सलग काही वेळा जोरात ब्रेक, पण पूर्ण न थांबता, आणि शेवटी ब्रेक न लावता दहा-पंधरा मिनिटं चालवून थंड करणं. चाकाचे बोल्ट पान्याच्या अंदाजानं नाही, टॉर्क पान्यानं (ठरावीक जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं) घट्ट करा. ऑक्टाव्हियाला १२० न्यूटन मीटर. शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा एकदा तपासा.