बेल एजंटचा परवाना: कॅलिफोर्निया, फ्लोरिडा की टेक्सस?

अमेरिकेत आरोपीच्या सुटकेसाठी न्यायालयाला हमी देणे आणि त्याबद्दल शुल्क घेणे हा कायदेशीर व्यवसाय आहे. त्यात उतरू पाहणारा माणूस बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो परवाना किती दिवसांत मिळेल असा. या प्रश्नावर निर्णय सोपवला तर तो चुकण्याचाच संभव अधिक, कारण कागदोपत्री परवाना कुठेच फार अवघड नाही. आरोपी पळाला तर भरावे लागणारे पैसे कोणाचे, ते किती मुदतीत भरायचे आणि त्या जोखमीच्या बदल्यात हाती काय उरते, या बाबतीत राज्याराज्यांत मोठा फरक आहे. म्हणून येथे तीन मोठ्या राज्यांची तुलना प्रामुख्याने त्याच अंगाने केली आहे.

काही राज्ये आधीच बाजूला काढावीत. इलिनॉय, केंटकी, ओरेगन आणि विस्कॉन्सिन येथे हा व्यवसाय करता येत नाही. इलिनॉयने तर 18 सप्टेंबर 2023 पासून रोख जामिनाची पद्धतच संपुष्टात आणली. न्यू जर्सीत बंदी नाही, पण 2017 च्या सुधारणांनंतर न्यायालये पैशाचा जामीन क्वचितच मागतात, त्यामुळे तिथे परवाना मिळवून करायचे काय, हा प्रश्न उरतोच. भारतातून नुकत्याच आलेल्या वाचकाला हा धंदाच मुळात चमत्कारिक वाटेल, कारण आपल्याकडे जामीनदार म्हणून उभे राहणाऱ्याला आपण यापूर्वी किती आरोपींना जामीन राहिलो आहोत हे न्यायालयापुढे जाहीर करावे लागते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत असलेली ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 486 मध्ये आहे, आणि तिचा रोख नेमका धंदेवाईक जामीनदारांवर आहे.

इमिग्रेशनचा दर्जाही पहिल्याच दिवशी तपासावा. एच-1बी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला प्रायोजक कंपनीबाहेरचे काम करता येत नाही, त्यामुळे हा व्यवसाय नोकरीशेजारी जोडधंदा म्हणून चालवण्याचा विचार तिथेच थांबतो. ग्रीन कार्ड असेल तर फ्लोरिडाचे दार उघडे आहे, कारण तेथील कायद्याला नागरिकत्व किंवा काम करण्याची अधिकृत परवानगी आणि राज्यातील वास्तव्य एवढे पुरते. टेक्ससच्या कायद्यात मात्र वैयक्तिक अर्जदार अमेरिकेचा नागरिक असावा असे स्पष्ट लिहिलेले आहे. ह्यूस्टन किंवा डॅलसच्या परिसरात वर्षानुवर्षे स्थिरावलेल्या, पण अजून नागरिकत्व न घेतलेल्या मराठी कुटुंबांना ही अट ठाऊक असतेच असे नाही.

तिन्हींत प्रवेश सर्वांत सुलभ आहे तो कॅलिफोर्नियात. राज्याचा विमा विभाग परवाना देतो. अर्जदार 18 वर्षांचा व राज्याचा रहिवासी असावा लागतो आणि त्याने 20 तासांचे पूर्वप्रशिक्षण, लेखी परीक्षा, बोटांचे ठसे व पार्श्वभूमीची तपासणी हे टप्पे पार करावे लागतात. पुढे दर वर्षी 6 तासांचे प्रशिक्षण असते. फ्लोरिडा याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे वित्त सेवा विभागाने मान्य केलेला 120 तासांचा अभ्यासक्रम 80 टक्के गुणांनी उत्तीर्ण व्हावा लागतो आणि त्यानंतर राज्याची परीक्षा असते. हे सहापट तास अनेकांना जाच वाटतात, पण माझ्या मते नवख्यासाठी ते फुकट जात नाहीत, कारण फौजदारी प्रक्रियेची ओळख नसताना पहिला बाँड, म्हणजे न्यायालयाला द्यायचे हमीपत्र, लिहिणे म्हणजे खोली न बघता विहिरीत उडी टाकण्यासारखे आहे.

परवाना मिळाला म्हणजे बाँड लिहिता येतो असे या दोन्ही राज्यांत सहसा होत नाही. एखाद्या शुअरिटी (म्हणजे अशा हमीमागे उभ्या राहणाऱ्या) विमा कंपनीने तुमची एजंट म्हणून नेमणूक करावी लागते, आणि खरी चाळणी तिथे लागते. ही नेमणूक कोणत्या अटींवर होते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, कॅलिफोर्नियात 30,000 डॉलरचा जामीन ठरला. प्रचलित दर 10 टक्के, म्हणजे आरोपीच्या घरच्यांकडून 3,000 डॉलर शुल्क मिळते आणि ते परत करायचे नसते. बाँडच्या रकमेच्या साधारण एक टक्का कंपनीचा आणि तेवढाच हिस्सा एजंटच्या नावाने कंपनीकडे साठणाऱ्या राखीव निधीत, असा करार धरला तर 600 डॉलर तिकडे जातात आणि 2,400 हातात उरतात. त्यातूनच कार्यालयाचे भाडे, रात्रीबेरात्री फोन उचलणाऱ्याचा पगार आणि जाहिरात भागवायची. आता हा आरोपी तारखेला आला नाही, सापडला नाही आणि 30,000 भरावे लागले, तर तेवढ्याच रकमेच्या साडेबारा बाँडची कमाई गेली. नाव कंपनीचे असले तरी करारानुसार तोटा आधी एजंटच्या खिशातून, मग राखीव निधीतून आणि अगदी शेवटी कंपनीकडून वसूल होतो. म्हणून घरच्यांपैकी कोणाची सही घ्यायची, तारण म्हणून काय ठेवून घ्यायचे आणि कोणाला सरळ नाही म्हणायचे, यातच या व्यवसायाचे कसब आहे. परवान्याच्या परीक्षेत त्याची कसोटी लागत नाही.

आरोपी हजर न राहिल्यास हमीची रक्कम जप्त होते, त्या जप्तीच्या मुदतीतही मोठी तफावत आहे. कॅलिफोर्नियात न्यायालयाची नोटीस निघाल्यापासून आरोपीला हजर करण्यासाठी 180 दिवस मिळतात, नोटीस टपालाने आली असल्यास आणखी 5, आणि सबळ कारण दाखवल्यास मुदत वाढूनही मिळते. फ्लोरिडात नोटिशीपासून 60 दिवसांत रक्कम भरावी लागते. आरोपी नंतर सापडला तर काही अंश परत मिळू शकतो, पण तोवर पैसा अडकलेला असतो. शिवाय पळालेल्या आरोपीला पकडण्याचे काम फ्लोरिडात परवानाधारक एजंटांपुरतेच मर्यादित आहे. भाडोत्री ‘बाउंटी हंटर’ ठेवून मोकळे होता येत नाही. ज्याच्याकडे हाताशी रोकड कमी आहे त्याने केवळ या एका कारणासाठी कॅलिफोर्नियाला झुकते माप द्यावे.

पण उत्पन्नाचा भरवसा पाहिला तर पारडे फिरते. फ्लोरिडात राज्यातील खटल्यांसाठी शुल्क 10 टक्के ठरलेले आहे आणि त्यावर सूट देता येत नाही, त्यामुळे शेजारचा दर पाडून गिऱ्हाईक ओढून नेईल ही भीती उरत नाही. कॅलिफोर्नियात हप्त्यांवर बाँड देण्याची चढाओढ मोठी आहे, आणि 2021 मधील एका अपिलीय निर्णयानुसार सह्या करणाऱ्या नातेवाइकांना कायद्याने ठरवलेली लेखी सूचना आधी दिलेली नसेल तर त्यांच्याकडून थकलेले हप्ते वसूल करता येत नाहीत. त्यात राजकीय अनिश्चितता आहेच. रोख जामीन रद्द करणारा कायदा तिथे 2018 मध्ये झाला होता. नोव्हेंबर 2020 च्या सार्वमतात मतदारांनी तो फेटाळला म्हणून व्यवसाय वाचला. तरी पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, केवळ पैसे नाहीत एवढ्यासाठी कोणाला कोठडीत ठेवता येणार नाही असे ठरवले, आणि लॉस एंजेलिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ऑक्टोबर 2023 पासून अनेक किरकोळ गुन्ह्यांत पैशाशिवाय सुटका होते. लहान बाँडवर पोट भरणाऱ्या नव्या एजंटला याची झळ सर्वांत आधी बसते.

टेक्ससची रचनाच निराळी आहे. तिथे मोठ्या काउंट्यांमध्ये परवाना राज्य देत नाही, तर काउंटीचे जामीन मंडळ देते, ज्यात शेरीफ, न्यायाधीश आणि परवानाधारकांचा प्रतिनिधी हे एकत्र बसतात. परवाना त्या काउंटीपुरताच असतो. हॅरिस काउंटीत, म्हणजे ह्यूस्टनमध्ये, तो मिळाला म्हणून शेजारच्या फोर्ट बेंडमधल्या तुरुंगासाठी बाँड लिहिता येत नाही. अर्जाचे शुल्क 500 डॉलर आहे. त्याआधी परवानाधारकाकडे किमान एक वर्ष सलग काम केल्याचा आणि 8 तासांच्या कायदेविषयक प्रशिक्षणाचा पुरावा लागतो. विमा कंपनीचा एजंट होण्याचा मार्ग इथेही आहे, पण टेक्ससचे वैशिष्ट्य म्हणजे स्वतःच्या मालमत्तेवर उभे राहण्याची मुभा: अडीच लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या काउंटीत 50,000 डॉलर, त्याहून लहान काउंटीत 10,000 डॉलर किमतीची रोख ठेव वा स्थावर मालमत्ता सुरक्षा म्हणून ठेवायची. मग कंपनीचा हिस्सा नाही, राखीव निधी नाही, आलेले शुल्क पूर्ण आपले. आणि तोटाही पूर्ण आपला. स्पर्धेचा एक भाग मात्र अनपेक्षित आहे, तो म्हणजे वकील. आपल्याच अशिलाचा जामीन देणाऱ्या वकिलाला तिथे हा परवाना लागत नाही. ह्यूस्टनचा विचार करणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की हॅरिस काउंटीत 2019 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर किरकोळ गुन्ह्यांतील बहुतेक आरोपी पैशाशिवाय सुटतात.

माझा कौल असा. भांडवल बेताचे असेल आणि अभ्यासाला वेळ असेल तर फ्लोरिडा निवडावे, पण एखाद्या जुन्या एजन्सीच्या छत्राखाली, म्हणजे 60 दिवसांच्या मुदतीचा धक्का एकट्याने सोसावा लागणार नाही. नागरिकत्व, मालमत्ता आणि एका काउंटीत पक्के बस्तान ज्याच्याकडे आहे, त्याला टेक्ससइतके स्वातंत्र्य दुसरीकडे मिळणार नाही. कॅलिफोर्नियाचा परवाना 20 तासांत आवाक्यात येतो म्हणून घेऊन ठेवणे मला पटत नाही. ज्याची शुअरिटी कंपनीशी आधीच बोलणी झाली आहेत त्यानेच तिकडे वळावे.

ती बोलणी करताना आणि टेक्ससमध्ये ठेव ठेवतानाही एक कलम नीट वाचावे, ते व्यवसाय सोडण्याचे. टेक्ससमधील सुरक्षा ठेव काय किंवा विमा कंपनीकडचा राखीव निधी काय, तुम्ही लिहिलेला शेवटचा बाँड न्यायालयाने मोकळा करेपर्यंत तो पैसा सहसा हाती येत नाही, आणि खटले रेंगाळले तर ही प्रतीक्षा काही वर्षांची असू शकते.