रोबोटिक हातमोजा: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

पक्षाघातानंतर माझा उजवा खांदा आणि कोपर बऱ्यापैकी परत आले, बोटं मात्र मुठीतच अडकून राहिली. मूठ मिटायची, उघडायची नाही. म्हणून घरी वापरायचा, हवेवर चालणारा रोबोटिक हातमोजा घेतला. हाताच्या मागच्या बाजूने प्रत्येक बोटावर घड्याघड्यांची एक नळी असते. पेटीतल्या पंपाने हवा भरली की बोट मिटतं, ओढून घेतली की उघडतं. एवढंच यंत्र.

सर्वांत मोठी कटकट म्हणजे तो घालणं. जाहिरातीत बाई हसत हसत मोजा चढवते. तिची बोटं ताठरलेली नसतात. मनगट खाली वाकवायचं, म्हणजे बोटांचे स्नायू सैल पडतात. मग आधी अंगठा बाहेर काढायचा आणि एकेक बोट सरकवायचं. करंगळी हमखास अनामिकेच्या घरात शिरते. थंडीत किंवा दमल्यावर ताठरपणा वाढतो, तेव्हा दुसऱ्या माणसाशिवाय जमतच नाही. एकटे राहणाऱ्यांनी हे घेण्याआधीच तपासावं.

पहिले काही आठवडे मी मोजा नुसता ‘ऑटो’वर, म्हणजे यंत्र आपोआप बोटं उघडमीट करतं त्या मोडवर, लावून टीव्ही बघत असे. हात मोकळा वाटायचा, काढल्यावर थोडा वेळ बोटं सहज उघडायची, आणि तासाभरात पुन्हा मूठ. माझ्या थेरपिस्टने ते बघून सांगितलं, ‘‘हात हलतोय, पण हलवताय कुठे तुम्ही?’’ तेव्हापासून मिरर मोड. यात चांगल्या हातात सेन्सरचा मोजा असतो. तो हात उघडला की दुबळाही उघडतो. पण इथेही यंत्राला तुमच्या प्रयत्नाशी घेणंदेणं नाही. दुबळ्या हाताने काहीच जोर लावला नाही तरी ते बोट उचलणारच. म्हणून आता पंपाचा जोर सगळ्यांत कमी ठेवते, मनातल्या मनात नाही तर खरोखर जोर लावून बोटं उघडायला बघते आणि हातात रिकामी बाटली धरून ती टेबलावर ठेवायची, सोडायची. सोडणंच अवघड असतं, धरणं नाही.

फरक पडला का? पडला. बाटली उजव्या हातात धरून डाव्याने झाकण फिरवता येतं. ड्रॉवर ओढता येतो. नखं कापताना आता कुणाला माझी बोटं ओढून धरावी लागत नाहीत, आणि तळहातात घाम साचून येणारा वास गेला. ज्याला हा त्रास झाला नाही त्याला ही किती मोठी गोष्ट आहे ते कळणार नाही. शर्टाचं बटण मात्र अजून नाही. चिमटीसाठी अंगठा बोटांसमोर यावा लागतो आणि या मोज्यात अंगठ्याची नळी त्याला नुसती आत-बाहेर करते.

हालचाल येते, पण सगळी कामं येत नाहीत; यात माझ्या मोज्याचंच काही वेगळं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात खांदा-कोपरासाठीचा पुनर्वसन-रोबो नव्वदच्या दशकापासून आहे. त्याच जातीच्या यंत्रावर ब्रिटनमध्ये 770 रुग्णांची मोठी चाचणी झाली, 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हालचाल काहीशी सुधारली. पण रोजच्या कामात हाताचा उपयोग वाढल्याचं दिसलं नाही. मला हे वाचून वाईट वाटलं नाही, उलट हायसं वाटलं. कारण त्याच त्याच हालचाली पुन्हा पुन्हा यंत्र करून घेतं, तेही न कंटाळता. त्यांचं कामात रूपांतर करणं हा वेगळाच सराव आहे, आणि तो फिजिओच्या किंवा ओटीच्या (रोजची कामं पुन्हा शिकवणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट) देखरेखीखालीच होतो. मोजा घेऊन थेरपी बंद करणार असाल तर घेऊ नका.

तक्रारी: पंपाचा आवाज मोठा आहे. वेल्क्रो सैल पडायला लागलं, मोजा बदलून मागितला तर नवा संच घ्या म्हणाले. माप तक्त्यावरून ठरवू नका, मधलं बोट तळापासून टोकापर्यंत मोजून घ्या. मोठा आला की नळी पेरावर बसत नाही आणि बोट वाकण्याऐवजी नुसतं ढकललं जातं. स्पर्शज्ञान कमी असेल तर काढल्यावर रोज त्वचा बघा. माझ्या तर्जनीच्या पेरावर लाल वळ उठला होता, मला जाणवलाही नव्हता.