अमेरिका आधी की जर्मनी? तुलनेसाठी एकच देश घ्यायचा असेल तर

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत जीएस २ (सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर) आहे, त्याच्या अभ्यासक्रमात एक ओळ आहे: भारतीय राज्यघटनेची इतर देशांच्या घटनांशी तुलना. ओळ एवढीशी, पण तिच्यापायी पोरांचे आठवडेच्या आठवडे जातात. सोलापुरातल्या आमच्या अभ्यासिकेत परवा दोघांनी एकच प्रश्न विचारला, "सर, वेळ कमी आहे. अमेरिका करू की जर्मनी?" मी जर्मनी म्हणालो. घाईत सांगून भागणारं उत्तर नाही, म्हणून इथे लिहितोय.

अधिकारांच्या याद्या पाठ करण्याआधी एवढंच बघा: वरच्या सभागृहात कोण बसतं आणि त्याला तिथे कोणी पाठवलं?

अमेरिकेत हे दिसायला सोपं आहे. वरचं सभागृह म्हणजे सिनेट. राज्य लहान असो वा मोठं, सिनेटर दोनच; ५० राज्यांचे १००. वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या सोलापूर शहराहूनही कमी (२०११ च्या जनगणनेत शहर साडेनऊ लाखांचं होतं). कॅलिफोर्निया चार कोटींच्या घरात. तरी दोघांचं वजन सारखं, आणि राज्याच्या संमतीशिवाय ही समानता काढून घेता येत नाही, असं घटनेच्या पाचव्या अनुच्छेदातच लिहिलंय. केंद्राचे अधिकार मोजून दिलेले. उरलेले राज्यांचे किंवा लोकांचे, हे १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीने पक्कं केलं. आपल्याकडे नेमकं उलट: कलम २४८ प्रमाणे शेषाधिकार संसदेकडे.

पण १९१३ पर्यंत सिनेटर निवडायची राज्यांची विधिमंडळं. सतराव्या दुरुस्तीनंतर थेट जनता निवडते. त्यामुळे आजचा सिनेटर राज्यातल्या मतदारांचा माणूस असतो, राज्य सरकारचा नव्हे. शिवाय तिथे राष्ट्राध्यक्ष संसदेच्या बहुमतावर टिकून नसतो. भारताशी तुलना करताना दर वेळी हा फरक आधी समजावून सांगावा लागतो आणि निम्मं उत्तर त्यातच संपतं.

जर्मनीत चान्सलरला, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाला, कनिष्ठ सभागृह, म्हणजे बुंडेसटाग निवडतं. आपल्या व्यवस्थेच्या हे कितीतरी जवळचं. खरी गंमत मात्र बुंडेसराटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात आहे. तिथे निवडणूकच होत नाही. १६ राज्यांच्या सरकारांमधले मुख्यमंत्री आणि मंत्री स्वतः येऊन बसतात. लोकसंख्येनुसार प्रत्येक राज्याला ३ ते ६ मतं, एकूण ६९. आणि राज्याची सगळी मतं एकगठ्ठा पडली पाहिजेत. कारणही सरळ आहे: केंद्राचे बहुतेक कायदे तिथे राज्यांचीच यंत्रणा राबवते, मग राबवणाऱ्याला विचारायला नको?

२२ मार्च २००२ चा प्रसंग मी वर्गात नेहमी सांगतो. स्थलांतराच्या कायद्यावर मतदान होतं आणि सगळं ब्रांडेनबुर्गच्या ४ मतांवर येऊन ठेपलं होतं. राज्यात दोन पक्षांचं आघाडी सरकार. एक मंत्री म्हणाला "हो", दुसऱ्या पक्षाचा गृहमंत्री म्हणाला "नाही". सभापतींनी मुख्यमंत्र्यांना पुन्हा विचारलं, ते "हो" म्हणाले, आणि चारही मतं बाजूने धरली गेली. एकच गदारोळ झाला. त्याच वर्षी १८ डिसेंबरला घटना न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला: मत एकमुखी नव्हतं, म्हणून संमती मिळालीच नव्हती. राज्य म्हणजे एक आवाज, ही कल्पना याहून स्पष्ट मला कुठे सापडलेली नाही.

आता आपली राज्यसभा. सध्या २४५ जागा, त्यांतल्या १२ नामनियुक्त. उत्तर प्रदेशला ३१, महाराष्ट्राला १९, गोव्याला १. आमदार निवडून देतात, पण २००३ पासून उमेदवार त्या राज्याचा मतदार असण्याची अटही उरली नाही. धनविधेयक फार तर १४ दिवस थांबवता येतं. राज्याचा आवाज म्हणून हे सभागृह दुबळं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. अक्कलकोटकडच्या मुलांना कलम ३ समजावताना हे जास्त जाणवतं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या अहवालात त्यांच्या तालुक्याचं नाव होतं. सीमा बदलायची झाली तर संसद साध्या बहुमताने बदलू शकते; राज्याच्या विधानसभेला फक्त मत विचारायचं, ते मानायचं बंधन नाही. अमेरिकेत राज्याचा तुकडा तोडून नवं राज्य करायचं तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागतेच.

मग आपल्याकडे बुंडेसराटसारखं काहीच नाही का? आहे, पण संसदेबाहेर. सोलापुरी टॉवेल आणि चादरीवर किती कर लागावा याची शिफारस जीएसटी परिषद करते. तिथे राज्यांचे मंत्री स्वतः बसतात, अगदी जर्मनीसारखे. गोवा आणि महाराष्ट्र यांच्या मताचं वजन सारखं, अगदी सिनेटसारखं. फक्त केंद्राकडे एक तृतीयांश वजन आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतं. म्हणजे सगळी राज्यं एक झाली तरी केंद्रावाचून काही मंजूर होत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शिफारशी बंधनकारक नाहीत असं सांगितलं, तेही उत्तरात घ्या. जर्मनी नीट वाचलेला विद्यार्थी हा दुवा आपणहून जोडतो, हे मी पाहिलंय.

राज्यशास्त्र ऐच्छिक असेल, किंवा सत्ताविभाजन, न्यायाधीशांच्या नेमणुका, महाभियोग यांवर तुमचा भर असेल, तर अमेरिका आधी घ्या. तिथे सिनेटची ताकद मोठी आहे. स्वित्झर्लंडला एक संध्याकाळ पुरे. बाकीच्यांनी जर्मनीच्या मूलभूत कायद्यातली (तिथली राज्यघटना) बुंडेसराटबद्दलची ५० ते ५३ ही चार कलमं आधी वाचावीत, मग जीएसटी परिषदेचं आपलं कलम २७९अ. दोन्ही मिळून दोन तासांचं काम आहे.