रिसेप्शन काउंटर, खुर्चीच्या बाजूने

नवीन काउंटर बसवून आता बरेच महिने झाले. लॉबीत येणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याचं कौतुक करतो. पांढरा सॉलिड सरफेसचा (दगडासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम, एकसंध शीटचा) माथा, समोर उभ्या लाकडी पट्ट्या, तळाशी एलईडीची रेघ. देखणा आहेच, वादच नाही. पण मी दिवसभर त्याच्या मागे बसते, म्हणून तिकडची हकीकत सांगते.

सगळ्यात जमलेली गोष्ट म्हणजे उंची. समोरचा कठडा ४२ इंचांवर, माझं टेबल ३० इंचांवर. उभा माणूस कोपर टेकवून निवांत सही करतो आणि माझा स्क्रीन, शेजारची कागदपत्रं, अर्धा राहिलेला चहा त्याला सहजासहजी दिसत नाही. एका टोकाला तीन फूट भाग ३४ इंचांवर उतरवलाय, खाली गुडघे जातील एवढी पोकळी सोडून. व्हीलचेअरवरून येणाऱ्यांसाठी केला होता. प्रत्यक्षात वयस्कर मंडळी, कडेवर मूल असलेल्या बायका, सगळे तिकडेच वळतात. नव्याने काउंटर करणाऱ्यांनी हा भाग अजिबात गाळू नये.

माथ्याचं मटेरियलही चांगलं निघालं. स्टेपलर, किल्ल्या, हेल्मेट आपटून आपटून ओरखडे पडतात, पण रंग आरपार एकच असल्याने बारीक पॉलिश पेपरने घासले की जातात. तापलेलं भांडं मात्र थेट ठेवायचं नाही. पट्ट्यांबद्दल न बोललेलं बरं. त्यांच्या खाचांत बसलेली धूळ फडक्याला दाद देत नाही, ब्रश घेऊन बसावं लागतं.

आता तक्रारी. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारी डबी, आत बंद करून टाकलाय. अर्धी पट्टी विझली तेव्हा सुताराला अख्खं पॅनल उचकटावं लागलं. तिथे स्क्रूचं एक झाकण दिलं असतं तर काम पाच मिनिटांचं होतं. प्लगही टेबलाखाली, पार भिंतीशी. चार्जर लावायचा तर रांगत जायचं. खालची स्कर्टिंग (जमिनीलगतची पट्टी) एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या भुशासारख्या तंतूंच्या फळीची, रोजच्या ओल्या पोछ्याने फुगली. आता स्टीलची पट्टी मारून घेतलीय.

माझ्या पाठीमागे उजळलेला लोगो आहे. फोटोत झकास दिसतो, पण प्रकाश सगळा मागून, त्यामुळे समोरच्याला माझा चेहरा काळवंडलेला दिसायचा. छतात थोडा पुढे एक दिवा लावल्यावर माणसासारखी दिसायला लागले.

आणि कुरिअर! आराखड्यात फुलदाणीची जागा होती, पार्सलची नव्हती. दुपारपर्यंत खोक्यांचा ढीग होतो आणि माझे पाय ठेवायला जागा उरत नाही. मागच्या भिंतीला दीड फूट खोल कप्पे करून मागितलेत. मंजुरी येईपर्यंत पाहुण्यांच्या दोन खुर्च्या पार्सलांकडे आहेत.