दोन वह्या आणि तीस कॅसेट: हुकूमशाहीची कोणती कादंबरी आधी वाचावी?

भविष्यातल्या हुकूमशाहीवर एकच कादंबरी वाचायला वेळ असेल, तर कोणती? येवगेनी झाम्यातिनची 'वी' (म्हणजे 'आम्ही'), जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि मार्गारेट अ‍ॅटवूडची 'द हँडमेड्स टेल' या तिघींतून मी निवड करेन. तिन्हींत मुख्य पात्र आपली एक नोंद मागे ठेवतं. बंडाचा पहिला कोंब त्या नोंदीतच दिसतो, म्हणून तुलनाही तिथूनच करते.

झाम्यातिन जहाजबांधणीचा अभियंता होता आणि ते पानोपानी जाणवतं. १९२०-२१ मध्ये लिहिलेली ही कादंबरी आधी १९२४ मध्ये न्यूयॉर्कला इंग्रजीत आली; सोव्हिएत वाचकांना ती मायदेशात छापलेली मिळाली १९८८ मध्ये. माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. घरं काचेची, पडदे फक्त ठरलेल्या वेळी परवानगीच्या चिठ्ठीवर ओढायचे. डी-५०३ हा अवकाशयान बांधणारा गणिती राज्याची स्तुती लिहायला बसतो आणि लिहिता लिहिताच त्याची भाषा डळमळू लागते. एकूण ४० नोंदी, वाक्यं अर्ध्यावर सोडलेली. छोटी आहे, पण दमवते. बंड मात्र इथेच सर्वांत मोठं आहे: एकमताच्या दिवशी, म्हणजे राज्यप्रमुखाच्या दरवर्षीच्या एकमुखी निवडीत, हजारो हात विरोधात वर होतात, तो प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो.

ऑर्वेलने १९४६ मध्ये 'वी'चं परीक्षण लिहिलं आणि १९४९ मध्ये '१९८४' प्रसिद्ध झाली. तिचा नायक विन्स्टन स्मिथ याचं कामच मुळी जुन्या वर्तमानपत्रांतले मजकूर बदलण्याचं. असा माणूस टेलिस्क्रीनच्या, म्हणजे घरात पाळत ठेवणाऱ्या पडद्याच्या, नजरेआडच्या कोपऱ्यात बसून डायरी उघडतो, तेव्हा बंड एवढंच असतं की एक तारीख आणि एक ओळ कुणी खोडणार नाही. त्या देशात कायदेच नाहीत, त्यामुळे डायरी बेकायदाही नाही; सापडली तर मृत्यू किंवा किमान २५ वर्षं सक्तमजुरीची छावणी. तिघींत गोष्ट म्हणून सर्वांत सरळ हीच. मध्ये एका बंदी असलेल्या पुस्तकाचे लांबलचक उतारे येतात, तिथे बरेच वाचक अडतात. तेवढा भाग सावकाश वाचा, टाळू नका.

तरीही माझं मत अ‍ॅटवूडला. १९८५ च्या या कादंबरीत अमेरिकेच्या जागी गिलियड नावाचं धर्मराज्य आलं आहे. नायिकेचं नाव ऑफ्रेड, म्हणजे 'फ्रेडची': ज्या अधिकाऱ्याला मूल देण्यासाठी तिला त्याच्या घरी ठेवलं आहे, त्याची. बायकांना वाचायला मनाई, म्हणून दुकानांच्या पाट्यांवर अक्षरांऐवजी चित्रं. 'वी'तलं राज्य शेकडो वर्षं जुनं आहे, विन्स्टनला आधीचं धड आठवत नाही. ऑफ्रेडला मात्र सगळं आठवतं. एके दिवशी दुकानात तिचं कार्ड चालत नाही. त्याच दिवशी ग्रंथालयातली नोकरी जाते. मग कळतं, बायकांची खाती गोठवली आहेत, पैसे नवऱ्याच्या ताब्यात. नवरा प्रेमाने म्हणतो, मी आहे ना तुझी काळजी घ्यायला. आणि तिला वाटून जातं, याला यात फारसं काही खटकलेलं नाही. तो परिच्छेद मी पुस्तक मिटून पुन्हा वाचला. छळाचं कुठलंही दृश्य मला इतकं आत लागलं नव्हतं, कारण हे संभाषण कुठल्याही चांगल्या घरात होऊ शकतं. माणसांनी इतिहासात कुठे ना कुठे केलेलं नाही असं काहीही यात घालायचं नाही, हा नियम अ‍ॅटवूडने स्वतःला घालून घेतला होता.

कालक्रम मात्र सतत मागेपुढे होतो. सलग गोष्ट हवी असेल तर '१९८४' आधी घ्या. कवितेची, तुटक शैलीची सवय असेल तर थेट 'वी'. ऑल्डस हक्सलीची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) मी या रांगेत धरत नाही. तिथे लोक सुखाच्या गोळीवर खूश असतात, बंडाची भूक क्वचितच कुणाला. ती नंतर वाचावी.

कोणतीही निवडा, शेवटची पानं सोडू नका. '१९८४'च्या परिशिष्टात सत्ताधारी पक्षाच्या 'न्यूस्पीक' भाषेची माहिती भूतकाळात दिली आहे, जणू ती राजवट संपून गेली आहे. 'द हँडमेड्स टेल' संपते २१९५ सालच्या एका परिषदेत, जिथे विद्वान मंडळी ऑफ्रेडच्या सुमारे ३० कॅसेटवर चर्चा करतात. गिलियड तोवर इतिहासजमा झालेलं असतं. पण तिचं खरं नाव त्यांना सापडत नाही.