व्हेरिॲक्सचा बोर्ड स्ट्रॅटच्या बॉडीत: एक अख्खा हंगाम वापरल्यानंतर

लाइन 6 व्हेरिॲक्स 300 (वेगवेगळ्या गिटारींचे आवाज, म्हणजे मॉडेल, डिजिटल बोर्डावर तयार करणारी गिटार) मधलं सगळं इलेक्ट्रॉनिक्स आणि पिझो ब्रिज (तारांचा कंप विजेत बदलणारा) काढून बेसवुडच्या साध्या स्ट्रॅट बॉडीत बसवलेली ही गिटार. दिवाळीनंतर वापरायला घेतली. लग्नसराई, एप्रिलमधले भीमजयंतीचे कार्यक्रम, मग गणपती, असा सगळा हंगाम परभणी-नांदेड पट्ट्यात ती स्टेजवर होती. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. बोर्ड कुठेच अडला नाही. जे अडू शकतं ते ब्रिज आणि बोर्ड यांच्यामधल्या वीतभर वायरीत, म्हणून मेहनत तिथेच करा.

जुनी व्हेरिॲक्स घेताना रंग, ओरखडे, घासलेले फ्रेट बघू नका, ते सगळं फेकायचंच आहे. ॲम्पला लावून मॉडेलच्या नॉबची प्रत्येक जागा फिरवा. प्रत्येक जागेवर सहाही तारा एकेक करून वाजवा. एखादी तार सगळ्याच मॉडेलमध्ये दबलेली असेल तर दोष सॅडलचा (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा, पिझो त्यातच असतो) किंवा त्याच्या वायरीचा. सगळ्याच तारा खरखरत असतील तर गिटार तिथेच ठेवून या. बॅटरीच्या घरात हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर बोर्डापर्यंत काय पोचलंय ते उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिल्या पिढीचे बोर्ड सुटे मिळत नाहीत. बोर्ड मेला की दुसरी गिटारच शोधावी लागते.

उघडताना प्रत्येक कनेक्टरचा फोटो घ्या, आणि कनेक्टर वायरीला धरून नाही तर प्लास्टिकच्या घराला धरून ओढा. व्हॉल्यूम-टोनचे पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर) मूळचेच ठेवा. या गिटारीत आवाज पॉटमधून जातच नाही, पॉट किती फिरलाय एवढंच बोर्ड वाचतो. तिथे नेहमीचा 250 के किंवा 500 के पॉट टाकला तर व्हॉल्यूम वेडावाकडा चालतो. पाच जागांचा सिलेक्टर आणि मॉडेलचा नॉब यांनाही हेच लागू.

आता लाकूड. स्ट्रॅटची बॉडी साधारण 45 मिमी जाड असते. पोकळी 33-34 मिमीच्या वर खोल नेऊ नका, मागे निदान 10 मिमी लाकूड राहिलं पाहिजे. बोर्ड मोजून चारी बाजूंनी 3-4 मिमी सोडा, 6 मिमी एमडीएफचा साचा कापा आणि राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) एका फेरीत 5 मिमीपेक्षा जास्त उतरवू नका. सुताराकडून करून घेत असाल तर साचा आपणच करून न्या. मापं तोंडी सांगितली की पोकळी अर्धा सूत मोठी होते आणि पिकगार्डच्या बाहेर डोकावते. आपल्याकडे सुतार हौसेने सागवानाची बॉडी सुचवतात. लाकूड उत्तम, पण वजन खांद्याला जाणवतं, आणि सागातल्या सिलिकामुळे राउटरचं पातं लवकर बोथट होऊन कडा जळतात. मॉडेलिंगच्या आवाजाला सागाचा असा काही फायदाही नाही.

मूळ ब्रिज स्थिर आहे, ट्रेमोलो (दांडीने सूर हलवायचा ब्रिज) नाही. म्हणून ट्रेमोलोची पोकळी लाकडी ठोकळ्याने गच्च बुजवावी लागते आणि ठोकळा चिकटल्यावर वरून पृष्ठभागाशी सपाट करावा लागतो. तो किंचित जरी खाली राहिला तरी ब्रिजची पट्टी अधांतरी बसते आणि मधल्या दोन तारांचा आवाज पडतो. 648 मिमी स्केलसाठी (नट ते ब्रिज तारेची लांबी) नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत 324 मिमी मोजा, तेवढंच पुढे घ्या. पातळ ई तारेचं सॅडल जवळजवळ पुढे आणलेलं असताना तिथे पोचलं पाहिजे, कारण जाड ई तारेचं सॅडल त्याच्या 3-4 मिमी मागे जाणार आहे. भोकं पाडण्याआधी दोन्ही बाजूच्या तारांच्या जागी दोरा ताणून नेकच्या कडांशी जुळवून बघा.

सॅडलच्या वायरी केसासारख्या बारीक आहेत. ब्रिजखालून पोकळीत जाणारं भोक 8 मिमीचं ठेवा आणि त्याच्या तोंडाची धार कानशीने मोडा. ब्रिज आवळताना वायर पट्टीखाली चेपली जाते आणि दोन महिन्यांनी शॉर्ट होते. आवळण्याआधी आणि नंतर मल्टीमीटर कपॅसिटन्सवर ठेवून सहाही वायरी मोजा. पिझो कपॅसिटरसारखा मोजतो. सहा आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. एखादा शून्याकडे गेला तर वायर तुटली, मीटर आकडाच देत नसेल तर शॉर्ट आहे. वायरी लांबवायचा मोह टाळा. पिझोची ताकद मुळातच कमी, लांब वायरीची स्वतःची कपॅसिटन्स ती खाते, आणि हम उचलते ते वेगळंच. बोर्डच ब्रिजच्या जवळ सरकवा. डाग (सोल्डर) द्यायलाच लागला तर वायरीच्या टोकाला द्या, सॅडलला कधीच नाही, आणि दोन-तीन सेकंदांत आटपा.

ट्रेमोलो हवाच असेल तर ग्राफ टेक कंपनीचे घोस्ट नावाचे पिझो सॅडल बसवता येतात. पण जुन्या पद्धतीच्या सहा स्क्रूच्या ब्रिजचं तारांमधलं अंतर 56 मिमीच्या आसपास, दोन खिळ्यांच्या ब्रिजचं 52-53 मिमी. आधी ब्रिज मोजा, मग सॅडल मागवा. स्प्रिंगांमध्ये फोमचा तुकडा कोंबा, नाहीतर स्प्रिंगांची झणझण पिझो इमानेइतबारे ॲम्पपर्यंत पोचवतो.

शिल्डिंगला (बाहेरची हम अडवायला) तांब्याची चिकटपट्टी लागतेच, आणि मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात खरी परीक्षा तिचीच होते. पारा 42-43 वर गेला की बंद गाडीत तो आणखी चढतो, स्वस्त पट्टीचा गोंद पातळ होतो आणि कोपऱ्यातून पट्टी सुटते. पहिल्यांदा सुटतात त्या उभ्या भिंतींवरच्या वरच्या कडा, नखाएवढ्या वाकतात आणि थेट बोर्डाच्या दिशेने झुकतात. त्या बोर्डाला टेकल्या तर काय होईल ते सांगायला नको. त्यावर साधा इलाज आहे: प्रत्येक कोपऱ्यावर डागाचा एक थेंब, आणि बोर्ड व तांबं यांच्यामध्ये जाड ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिक) कापून. मेपासून आतापर्यंत जेव्हा जेव्हा पोकळी उघडून बघितली तेव्हा पट्टी जागच्या जागी होती. उलट थंडीत हवा कोरडी असते, नायलॉनचा सदरा घालून बोर्डाला हात लावू नका. आधी अर्थ केलेल्या धातूला स्पर्श करा.

गिटार सहा पेन्सिल सेलवर चालते, म्हणजे 9 व्होल्ट. रिचार्जेबल सेल भरतात 7.2. चालतात, पण लवकर आटोपतात. केबल खोचली की गिटार चालू होते, म्हणून कार्यक्रम संपला की केबल काढायची सवय लावा. उन्हाळ्यात गिटार पडून राहणार असेल तर सेलही काढा, ते गळतात. लांब कार्यक्रमाला एक्सपीएसचा डबा (लाइन 6 चा बाहेरून वीज देणारा) आणि तीन टोकांची टीआरएस केबल बरी. बाहेरून आलेल्या डब्याचा अडॅप्टर 120 व्होल्टचा असू शकतो, 230 मध्ये खोचण्याआधी लेबल वाचा. गिटारीवरचं दुसरं सॉकेट दिसायला लॅनसारखं आहे, पण त्यातून वीज वाहते. ते कॉम्प्युटरच्या किंवा इंटरनेटच्या राउटरच्या लॅनला चुकूनही जोडू नका. वर्कबेंचसाठी (मॉडेल आणि ट्यूनिंग बदलायचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर) लाइन 6 चा इंटरफेसच लागतो.

आवाजाबद्दल. ॲकूस्टिक, बारा तारांची आणि नॉबच्या रेसो जागेवरची इलेक्ट्रिक सतार, ही तीन मॉडेल आपल्या कामाला सोनं आहेत. गाण्यात मध्येच सतारीचा तुकडा आला तर गिटार बदलावी लागत नाही. मांडवात ट्यूबलाइट, डिमर, जनरेटर असताना सिंगल कॉइल चुंबकीय पिकअपची गिटार भणभणते, ही गप्प राहते, कारण पिझोला चुंबकीय हम लागत नाही. लेस्पॉलचं मॉडेल जोरदार डिस्टॉर्शनवर मात्र पातळ वाटतं आणि पिझोची टिकटिक उघडी पडते. तारा जुन्या झाल्या की ॲकूस्टिक मॉडेल सगळ्यात आधी प्लास्टिकसारखं वाजतं. 10-46 जाडीच्या तारांचा संच वापरा, आणि सॅडलवरून तार पुरेशा कोनात खाली उतरते ना ते बघा. दाब कमी पडला तर ती तार दबते.

गायक ऐन वेळी अर्धी पट्टी खाली मागतो तेव्हा वर्कबेंचमध्ये करून ठेवलेलं खालचं ट्यूनिंग कामी येतं. स्टेजवर उत्तम, पण बैठकीत हळू आवाजात खऱ्या तारा वेगळ्या सुरात कानावर पडतात आणि डोकं फिरतं. तिथे हेडफोन लावा किंवा सरळ खुंट्या फिरवा. एकच तार छेडून मागे मूळ सूर भुतासारखा ऐकू येत असेल तर शेजारच्या सॅडलांमधून कंप झिरपतोय. सॅडल एकमेकांना घासतायत का ते बघा, मधे कागद जाण्याइतकी फट हवी.

चुंबकीय पिकअप ठेवायचे असतील तर त्यांना वेगळा जॅक द्या. बोर्डाच्या आउटपुटला नुसते जोडले तर दोन्ही आवाज एकमेकांना खातात. डिजिटल आवाज किंचित उशिरा येतो, त्यामुळे मिक्सरवरही दोन्ही एकत्र केल्यास पोकळ वाटतं. एका वेळी एकच वापरा.

आणि तारा अर्थ केलेल्या असतात हे विसरू नका. गावातल्या मांडवात बऱ्याचदा अर्थिंग नसतं, गायकाच्या माइकला ओठ लागला की झटका बसतो. ॲम्प आणि मिक्सर विजेच्या एकाच बोर्डवरून घ्या, वाजवायला उभं राहण्याआधी माइकची जाळी आणि गिटारीच्या तारा यांच्यामध्ये मीटर लावून एसी व्होल्ट बघा. दोन-चार व्होल्टच्या वर आकडा दिसला तर अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत गिटार हातात घेऊ नका.